मास्तर, पोटरी दाखवा

धुळ्याच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी नानांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर पडत होतो. समोरून खाकी हाफ पँट, पांढरा शुभ्र बनियन आणि पायांत कॅनव्हासचे बूट अशा थाटात एक बुटके, काटक गृहस्थ आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, पोटरी दाखवा."

मला वाटलं, रुजू होताना अशी काही तपासणी असेल. मी निमूटपणे लेंगा वर केला. ते वाकले, अंगठा आणि दोन बोटांनी माझी पोटरी दाबली, "लोणी" एवढंच म्हणाले आणि मैदानाकडे चालू लागले. नाव विचारायला ते मधल्या सुट्टीत आले, आणि तेही असं: "तुम्ही लोणीवाले ना? नाव काय म्हणालात?" मी म्हणालो नव्हतो.

ते आमचे ड्रिल मास्तर. पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत. स्वातंत्र्य मिळून चारसहा वर्षं झाली होती, धुळे जिल्ह्याला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत, आणि सरकारी कचेरीपासून शाळेपर्यंत सगळीकडे नव्या देशाला काय हवं याची चर्चा असे. नानांच्या मते नव्या देशाला मांड्या हव्या होत्या. हे ते स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात म्हणाले होते. हेडमास्तरांनी त्यानंतर त्यांना भाषण दिलं नाही.

त्यांच्या खिशात शिंप्याची टेप असे. रस्त्याने जाताना ते माणसांची तोंडं बघतच नसत. समोरून येणाऱ्याला ते ओळखत नसत, पण पुढे चाललेल्याचा धंदा मात्र त्याच्या पाठीवरून सांगत. "हा लोहार. उजवा खांदा बघा. हा शिंपी, पायमशीन चालवतो, पोटरी बारीक पण घोटीव. आणि हा, मास्तर, हा नुसता व्याजावर जगतो." मी खात्री करायला एकदोघांना थांबवून विचारलंसुद्धा. लोहार लोहारच निघाला. व्याजावर जगणाऱ्याला विचारायची माझी छाती झाली नाही.

एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. चहा चालू होता. सगळे मास्तर पाचावर धारण बसल्यासारखे खुर्च्यांच्या कडेवर टेकलेले. नाना साहेबांच्या उजव्या दंडाकडे टक लावून बसले होते. शेवटी त्यांना राहवेना. "साहेब, आपण टेनिस खेळता?" साहेब म्हणाले, नाही. "मग तलवार? लाठी?" नाही. "मग हा दंड?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "घरी पाणी मी शेंदतो." आम्ही सगळ्यांनी कपात तोंडं घातली. नाना मात्र खूश. "तरीच! पण हात बदलत जा, साहेब. डावा बिचारा मागे राहिलाय." साहेबांनी शाळेबद्दल चांगला शेरा दिला आणि जाताना नानांशी डाव्या हाताने हस्तांदोलन केलं.

माझं घर जळगावचं. एका सुट्टीत नाना माझ्याबरोबर आले. स्टेशनाबाहेर केळीच्या वॅगनी भरणं चाललं होतं. माणसं खांद्यावर घड घेऊन फळ्यांवरून चढत-उतरत होती. नाना तिथेच सामान ठेवून उभे राहिले. माझी आई घरी वाट बघून दमली. शेवटी घरी पोचल्यावर ती पाण्याचा तांब्या पुढे करते न करते तोच नाना म्हणाले, "अक्का, हा हात जात्याचा. उजवा. आणि खुंट्यावरचा हात तुम्ही कधी बदलत नाही." आईने झटकन पदर ओढून हात झाकला. रात्री जेवताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "हा मास्तर आहे की वैदू?" पण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत त्यांना इतक्या आग्रहाने वाढलं की माझ्या ताटाकडे लक्षही गेलं नाही तिचं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, ती डाव्या हाताने दळत होती.

आता हे सगळं गमतीचं वाटतं. पण त्यांची एक गोष्ट गमतीची नव्हती, ती म्हणजे आकडा. नानांचा सगळा धर्म आकड्यात होता. देवळात ते कधी गेले नाहीत. देव अंगात येत नाही, अंग कमवावं लागतं, असं ते भर बाजारात म्हणत. सकाळी सूर्य वर यायच्या आत त्यांचे नमस्कार सुरू होत आणि ते कधी संपत हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण तोवर कुणी तिथे थांबत नसे. नमस्कार, जोर, बैठका. वाढवत जायचं. "आकडा वाढवा, अंग वाढेल." ज्याला ताप येऊन गेला त्याला आकडा, ज्याचं लग्न ठरलं त्याला आकडा, परीक्षेत नापास झाला त्याला दुप्पट आकडा. मलाही त्यांनी धरलं. दोन महिन्यांनी माझी पोटरी दाबून म्हणाले, "खवा." ही बढती होती, हे मला नंतर कळलं.

स्वतः ते तारेसारखे होते. वयाची पन्नाशी गाठलेली, पण मैदानाला फेऱ्या मारायला लागले की मोठी पोरं जिभा बाहेर काढून बसत आणि हे पळतच असत. लग्न केलं नव्हतं. शाळेमागच्या खोलीत एक खाट, एक मुद्गलजोडी आणि भिंतीवर एक आरसा, तोही कमरेच्या उंचीला लावलेला. त्यात तोंड दिसत नसे.

त्यांच्याकडे सुकदेव आला तो पोळ्याच्या सुमाराला. त्याच शाळेत शिकून गेलेला, पारोळ्याकडच्या एका गावचा, विशीतला पोरगा. त्याचं घर भगताचं.

आमच्या खानदेशात गावोगाव बारागाड्या ओढतात. बैलांशिवायच्या बारा बैलगाड्या एकामागे एक साखळ्यांनी जोडतात. गाड्यांवर माणसं चढतात, बसायला नव्हे, उभी, खचाखच, पोराबाळांसकट. आणि हळद लावलेला, कमरेला दोर बांधलेला एकटा भगत त्या गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. दोन्ही बाजूंना आधाराला दोन माणसं असतात, त्यांना बगले म्हणतात, पण ते ओढत नाहीत, त्याला फक्त सावरतात. हा मान एका घराचा असतो. बापाकडून मुलाकडे जातो. त्या घराला गावात कुणी नावाने हाक मारत नाही, भगताचं घर म्हणतात, आणि लग्नाची पंगत त्या घरचा माणूस बसल्याशिवाय सुरू होत नाही.

सुकदेवच्या गावी हे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतं. त्या वर्षी त्याच्या बापाने दोर बांधला, गाड्या हलल्या, निम्म्या वाटेवर आल्या आणि त्याच्या पाठीत उसण भरली. तो गुडघ्यावर बसला तो उठलाच नाही. गाड्या तिथेच थांबल्या. माणसं उतरून पायी देवळात गेली. गावात असं कधी झालं नव्हतं. त्या वर्षी पाऊसही ओढ देऊन बसला आणि बोलणाऱ्यांना तेवढंच पुरलं. पंचांनी सांगितलं, पुढच्या अखजीला पोरगा ओढेल. नाही ओढल्या, तर मान गावातल्या दुसऱ्या घरी जाईल.

सुकदेव नानांच्या पायाशी बसून हे सांगत होता. मी खाटेवर होतो. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उठ. पोटरी दाखव."

त्या दिवसापासून सुकदेव धुळ्यात त्याच्या मावशीकडे राहायला आला आणि नानांनी त्याला आकड्यावर धरलं. जोर, बैठका, नमस्कार, मैदानाच्या फेऱ्या. पहाटेपासून घाम. दिवाळीपर्यंत पोरगा असा दिसायला लागला की मी ड्रॉइंगच्या वर्गात त्याला उभं करून मोठ्या मुलांकडून चित्रं काढून घेतली. पोटावर रेघ न रेघ मोजून घ्यावी. छाती उमललेली. बैठका मारायला लागला की पोरं मोजता मोजता कंटाळून घरी जात. नाना टेप लावून बघत आणि मान डोलवत. टेप फारशी सरकत नव्हती, हे मला दिसत होतं, पण मी ड्रॉइंग मास्तर, मी कशाला बोलतो.

संक्रांतीला नाना म्हणाले, बघून येऊ. आम्ही तिघं मोटारीने पारोळ्याला आणि तिथून पायी त्याच्या गावी गेलो. बापाने शेतात चार गाड्या जोडून ठेवल्या होत्या. बारा नाही, चारच. त्यांत मातीची पोती. सुकदेवने कमरेला दोर बांधला, मातीला हात लावला, आणि ओढलं.

गाड्या हलल्या नाहीत. त्याने हिसके दिले. पहिली गाडी कुरकुरली आणि पुन्हा जागेवर बसली. तो घामाने निथळला, दमला मात्र नाही. तो दमत नव्हताच. दुपारपर्यंत तो तसाच हिसके देत राहिला असता. चार गाड्या तशाच उभ्या.

बाप बांधावर काठी टेकून बसला होता. पाठ वाकलेली ती वाकलेलीच.  तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नाना, पोऱ्या मन्हा पळाले ब्येस व्हयना. वढाले नही."

पोरगा पळायला चांगला झाला, ओढायला नाही. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नानांनी उत्तर दिलं असतं. ते वाकून दोर सोडायला लागले. परतीच्या मोटारीत त्यांनी टेप खिशातून काढून हातात धरली होती आणि ती बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होते. 

दुसऱ्या दिवशी ड्रिलला पोरं रांगेत उभी राहिली आणि नाना मोजायचे थांबले. "एक" म्हणाले आणि पुढे काहीच नाही. पोरं हात वर करून तशीच ताटकळत राहिली. मग नानांनी सगळ्यांना वर्गात पाठवलं. हेडमास्तरांनी मला विचारलं, त्यांना बरं नाही का? मी म्हटलं, बरं नाही, पण ताप नाही.

त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. नाना मला घेऊन धुळ्याच्या रस्त्यांवर हिंडत होते. या वेळी धंदा ओळखायला नाही. या वेळी ते थांबून विचारत होते. टपालवाला दिवसभर गाव पायाखाली घालायचा, त्याची पोटरी त्यांनी दाबली: दोरीसारखी, बारीक, कठीण. "किती वर्षं चालतोस?" तो म्हणाला, नोकरी लागल्यापासून. "आणि पोटरी?" तो म्हणाला, ती अशीच आहे. मग सरकी-कापसाच्या प्रेसमध्ये. तिथे हमाल कापसाच्या गाठी पाठीवर घेऊन थप्पी लावत होते. त्यातल्या एकाची मांडी टेपमध्ये मावेना. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसले. मला म्हणाले, "मास्तर, काढा." मी कागद काढला आणि त्या मांडीचं चित्र काढायला लागलो.

"दिवसभर उचलता?" नानांनी विचारलं.

"नही नाना," तो हसून म्हणाला. "गाठ उचलनी का घडीभर बसनं. नुसतं उचलत ऱ्हायनं तं मानूस मरी जाई."

"आणि मांडी कधी भरली?"

"कामले लागनू तवय. पहिले भरनी. आते कितला वरीस तशीच शे."

 नानांनी माझ्या हातातलं चित्र घेतलं, स्वतःच्या खिशातून सुकदेवचं वर्गातलं चित्र काढलं, आणि दोन्ही प्रेसच्या भिंतीला टेकवून उभी केली. येणारेजाणारे हमाल बघून हसत होते. नाना म्हणाले, "मास्तर, टपालवाला लाख वेळा उचलतो. स्वतःचं वजन. हा थोड्या वेळा उचलतो. पण गाठ उचलतो. आणि याचीही वाढ थांबली, कारण गाठ तेवढीच राहिली. मी काय शिकवलं त्या पोराला? दमू नकोस, एवढंच शिकवलं. दमायचं नाही हे त्याच्या अंगाने नीट शिकून घेतलं. जे शिकवलंच नाही, ते अंगाने कुठून करावं?"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही सगळ्यांना हेच शिकवलंय."

"हो ना," ते म्हणाले. "तेच बघतोय."

आता मी जे सांगतो ते मी स्वतः पाहिलं, म्हणून सांगतो. सोमवारी सगळी शाळा मैदानावर उभी होती, मास्तर मंडळी सावलीत. नाना ओट्यावर चढले आणि म्हणाले, "मुलांनो, आकडा वाढवा, अंग वाढेल, असं मी तुम्हाला सांगत आलो. तुमच्यातल्या काहींच्या बापांनाही मीच सांगितलंय. ते अर्धंच खरं आहे. आकड्याने दम वाढतो. अंग वाढायला ओझं वाढवावं लागतं, थोडं थोडं, आणि मध्ये बसावं लागतं. हे मला गेल्या आठवड्यात कळलं. इतकी वर्षं मी तुम्हाला अर्धंच शिकवलं." आणि ते ओट्यावरून उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलं नाही. पन्नाशीतला माणूस, ज्या एका गोष्टीवर आयुष्य उभं केलं तीच गोष्ट पोरांसमोर खाली ठेवतो आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या गणिताच्या मास्तरांनी चष्मा काढून पुसला.  आजही त्यांची आठवण आली की मला ते तसेच, ओट्यावर उभे दिसतात.

अखजीला थोडेच महिने राहिले होते. शाळेच्या मैदानाला दगडी रोलर होता, चार गडी लागत त्याला. नानांनी सुकदेवच्या कमरेला दोर बांधून रोलर जोडला. हिसका द्यायचा नाही, अंग टाकायचं, टाच रोवायची, मांडीतून सावकाश उठायचं. पहिल्या दिवशी रोलर अंगठाभर सरकला. नाना म्हणाले, "पुरे. बस." पोरगा म्हणाला, अजून करतो. "बस म्हटलं ना." रोलर फिरायला लागला तेव्हा त्याच्यामागे लाकडी पाटा जोडला, पाट्यावर पोतं, मग दोन पोती, मग मी. मला आपण वजनदार असल्याचा अभिमान आयुष्यात तेवढ्या दिवसांतच वाटला. एक दिवस ओढायचं, दुसऱ्या दिवशी काही नाही. दूध, कळण्याची भाकरी, शेंगदाणे, उडदाची दाळ. आणि दुपारी झोप.

"व्यायाम म्हणजे नुसता अर्ज," नाना त्याला सांगत. "मंजुरी झोपेत मिळते." सरकारी कचेऱ्यांच्या त्या दिवसांत हे सगळ्यांना पटकन समजे.

टेप सरकायला लागली. मीच नव्याने चित्रं काढत होतो, मला टेपची गरज नव्हती. पोटावरच्या सुबक रेघा बुजल्या, कमर जाड झाली, मांड्या एकमेकींना घासायला लागल्या. वर्गात उभा करावा असा तो आता राहिला नव्हता. बैठका त्याला पूर्वीइतक्या होईनात. नाना खूश होते, पण पोरगा नव्हता. त्याचा आकडा गेला होता, आणि त्याच्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

अखजीच्या आधी काही दिवस भगताला हळद लागते. हळद लागली की तो नवरदेव. त्याने काम करायचं नाही, शेतात जायचं नाही, पाण्याचा घडासुद्धा उचलायचा नाही. नानांना हा रिवाज ठाऊक होता, आणि त्याला ते पूर्वी खुळं सोवळं म्हणत. या वेळी ऐकून म्हणाले, "बरोबर आहे. कुणीतरी कधीतरी गाड्या ओढून पाहिल्या असणार."

आम्ही सुट्टी घेऊन गावी गेलो. घरात गडबड, अंगणात पाहुणे. खळ्यातलं धान्य तसंच पडलेलं, म्हणून पोराची आई चिडलेली होती. "खयामा दाना पडेल शे, आनि हाऊ दुपारले झोपस! लोके काय म्हनतीन?" नाना म्हणाले, "म्हणू द्या, अक्का. तो झोपेत काम करतोय." तिला ते पटलं नाही, पण हळद लागलेल्याला ती काही बोलू शकत नव्हती.

एका दुपारी सुकदेव खाटेवर नव्हता. नाना कडब्याच्या गंजीमागे गेले, मी त्यांच्यामागे. तो तिथे हळदीने पिवळ्या अंगाने बैठका मारत होता. तोंडातल्या तोंडात आकडा मोजत होता. नानांना बघून थांबला आणि एकदम रडायला लागला.

"नाना, भेव वाटस," तो म्हणाला. "आंगले काही कामच नही. ताकद निंघी गयी तं? बापना मान मन्हा हातथून जाई."

मला वाटलं, नाना ओरडतील. ते कडब्यावर बसले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुला मीच शिकवलं ना, भीती वाटली की मोज म्हणून? मलाही मोजावंसं वाटतंय. तुझा अर्ज झालाय, सुकदेव. आता रोज रोज साहेबाच्या दारात उभा राहिलास, तर तो मंजूर केलेलाही फाडून टाकेल. चल, झोप."

आणि मग आमचे ड्रिल मास्तर, ज्यांच्या एका आरोळीने शाळेची कबुतरं उडत, ते पोराच्या खोलीच्या दाराशी बाज टाकून बसले. दोन्ही हात मांडीवर. पाहुणे आले की ओठावर बोट. कोंबडा आला की टोपीने हाकलायचे. त्याच्या आत्याबाई हसल्या, पोरं हसली, एक म्हातारा मुद्दाम मोठ्याने खोकून गेला. नाना हलले नाहीत. अखजीपर्यंत रोज दुपारी ते तिथे होते. त्या दिवसांत त्यांनी स्वतःचेही नमस्कार घातले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आवाज होतो."

अखजीच्या दिवशी उन्हं कलली तसा गाव लोटला. आसपासच्या खेड्यांतली माणसं, पारोळ्याचे व्यापारी, झोके सोडून आलेल्या माहेरवाशिणी. बारा गाड्या ओळीने. त्यांवर माणसं चढली, इतकी की चाकं दिसेनात. सुकदेवचा बाप काठी टेकत नानांकडे आला. "पहिली गाडीमा तुम्ही बसा, नाना. मान शे तुम्हना."

"नाही बाबा," नाना म्हणाले. "आज ओझं वाढवायचं नाही मला."

ते माझ्याशेजारी वाटेच्या कडेला उभे राहिले. सुकदेवने गाड्यांना फेरी घातली. भंडारा उधळला, हवा पिवळी झाली. कमरेला दोर बांधला. दोन बगले दोन्ही बाजूंना. खंडेरावाचा जयजयकार झाला आणि तो पुढे झुकला.

दोर ताठ झाला. काही हललं नाही.  गाड्यांवरची पोरं खाली वाकून बघायला लागली. त्याच्या बापाने डोळे मिटले. नानांनी माझं मनगट धरलं, आणि मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मोजताहेत का म्हणून. ओठ बंद होते. सुकदेवने हिसका दिला नाही. तो तसाच झुकून राहिला, टाचा मातीत रुतल्या, मांड्या थरथरायला लागल्या आणि सावकाश, अगदी सावकाश, तो गुडघ्यांतून वर यायला लागला. पहिल्या गाडीचं चाक कुरकुरलं. साखळी ताणली गेली, दुसरं कुरकुरलं. मग तिसरं. एकामागून एक गाडी जागी होत गेली आणि तो आवाज मागे मागे पळत शेवटच्या गाडीपर्यंत गेला. मग गाव ओरडलं. तो चालत होता. मग तो पळायला लागला. बारा गाड्या, अख्खं गाव वर, आणि पुढे तो पिवळा पोरगा. गेल्या वर्षीची जागा आली, बाप जिथे बसला होता ती. तिच्यावरून गाड्या गेल्या.

माझ्या मनगटावर नानांच्या बोटांचे वळ पुढे दोन दिवस होते. मी ते कुणाला दाखवले नाहीत.

देवळापाशी सुकदेव उभा राहिला तेव्हा लोक पाया पडायला धावले. त्या दिवशी भगताच्या पाया पडतात, मोठे असोत की लहान. त्याच्या आईने पाया पडून घेतलं. बापाने काठी टाकून लोटांगण घातलं आणि त्याला दोघांनी उठवलं. एक म्हातारी मला म्हणाली, "देवनी करनी शे, भाऊ." मी नानांकडे पाहिलं. देव अंगात येत नाही म्हणणारा हा माणूस आता काय म्हणतो, ते मला ऐकायचं होतं.

 नाना रांगेत उभे राहिले. आपली पाळी आल्यावर टोपी काढली, बूट काढले, वाकले आणि आपल्या विद्यार्थ्याच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. सुकदेव मागे सरायला लागला तर बगल्यांनी त्याला धरून ठेवलं. मग नानांचा एक हात पायावरून वर सरकला, पोटरीवर आला. मी हसायच्या तयारीत होतो. आता दाबणार आणि काहीतरी म्हणणार. लोणी नाही, खवा नाही, काय म्हणतील? त्यांचा हात पोटरीवर तसाच राहिला. त्यांनी दाबलं नाही. नुसता ठेवला, आणि मग काढून स्वतःच्या कपाळाला लावला. हातावर हळद होती, ती कपाळाला लागली.

परत येताना मोटारीत मी विचारलं, "नाना, पोटरी दाबून का नाही पाहिली?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. कपाळावरची हळद त्यांनी पुसली नव्हती.

"आज ती सुकदेवची नव्हती, मास्तर, भगताची होती," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सोमवारी शाळेत बोलावलंय त्याला. टेप लावून बघू."